धुरपदाचं माहेर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. वांगदरीच्या वडाला तेव्हा पारसुद्धा बांधलेला नव्हता, एवढी जुनी.

वांगदरी म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव. तिथल्या रखमाजीचं लग्न झालं आणि धुरपदा सड्यावरून, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावरून, सून होऊन खाली आली. सड्यावर श्रावणात पाऊल ठेवायला जागा नसायची, एवढी फुलं. खाली जिकडे बघावं तिकडे ज्वारी. ज्वारीनं पोट भरतं हो, पण डोळ्यांनी काय उपाशी राहायचं?

वर्ष उलटायच्या आत सड्यावरचा झरा आटला. माणसं गाडग्यामडक्यांसकट उठली आणि पोटामागं दूर देशी निघाली. धुरपदाचा भाऊ निरोप घ्यायला आला आणि काय देऊ म्हणाला. तिनं साडी मागितली नाही, चोळी मागितली नाही. आपल्या दारातली माती मागितली. भाऊ घोंगडीत बांधून माती घेऊन आला, तेव्हा सगळी वांगदरी पोट धरून हसली. गावात मातीचा दुष्काळ पडला होता की काय?

पण त्या मातीत बी होतं. सड्यावरची ही झाडं एकाच पावसाची सोबती. उगवतात, फुलतात, वाळून जातात, आणि मागं उरतं ते बी. धुरपदानं परसात मुरूम पसरला आणि त्यावर ती माती पसरली. शेजारणी म्हणाल्या, शेणखत घाल. ती म्हणाली, ही गरिबाघरची लेकरं, यांना लाड सोसत नाहीत. काठ फुटलेल्या दगडी डोणीत तिनं त्याच मातीची मूठ टाकून चार बोटं पाणी साठवलं, कारण सीतेची आसवं नावाच्या फुलांना पायाशी ओल लागते.

आणि पाऊस पडल्यावर काय फुललं म्हणता! पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, पानं मिटून झोपणारा कवला, निळी नभाळी, आणि डोणीत सीतेची आसवं. परसावर फुलपाखरांचं छप्पर झालं होतं, असं म्हणतात. बायका घागरी भरायला निघायच्या आणि रिकाम्या घागरी घेऊन तिथंच उभ्या राहायच्या. धुरपदा रोज एकेका झाडाशी बसून माहेरच्या गोष्टी बोलायची.

मग दिवाळी आली. झाडं वाळून काड्या झाल्या. सासू येसाबाई मनानं वाईट नव्हती हो, फक्त घर लख्ख ठेवणारी होती. वाळलेल्या दारात लक्ष्मी यायची कशी? सून शेतात गेलेली पाहून तिनं काडी न् काडी उपटली, उकिरड्यावर टाकली आणि परस घट्ट सारवून काढलं. वर रांगोळीही घातली.

धुरपदा परतली आणि सारवणावरून हात फिरवू लागली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ती मेली नव्हती वो. बी धरून हुबी हुती."

सुनेचं उरलंसुरलं माहेर आपण आपल्या हातांनी उपटलं, हे येसाबाईला तेव्हा कळलं. तिनं नखांनी सारवण खरवडलं, पण खाली बी कुठलं? ते काड्यांबरोबर गेलं होतं. त्या दिवाळीत येसाबाईनं गोडाला हात लावला नाही, असं म्हणतात.

वैशाखात रखमाजीनं उकिरड्याचं खत गाडीत भरलं. गाडी जुनी, तळाला ही फट! खत सांडत, हिंदकळत ती गावच्या मुरमाड गल्लीतून पार शिवारापर्यंत गेली. कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

श्रावणात एके सकाळी पोरं ओरडत सुटली. गल्लीत दोन्ही चाकोऱ्यांच्या कडेनं सोनकी फुलली होती! तेरडा फुलला होता, कवला फुलला होता, प्रत्येक दारासमोर! येसाबाई धावत बाहेर आली आणि सुनेचा हात धरून तिला दारोदार नेऊ लागली. म्हातारीला धाप लागली, पण ती थांबायला तयार नाही. तेवढ्यात समोरून कुणाची तरी बैलगाडी आली. येसाबाई दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

"गाडी फिरव बाबा," ती म्हणाली. "हितं माझ्या सुनंचं म्हायार हाय."

गाडी फिरली. त्या पावसाळ्यात गावातली एकूण एक गाडी नदीकडून वळसा घालून शेतात गेली. बैलांनासुद्धा सांगावं लागलं नाही, ते आपणहून वळायचे, असं म्हणतात. धुरपदा रोज एका दारी जायची, तिथल्या फुलांपाशी बसायची, आणि त्या घरची बाई तिला जेवल्याशिवाय उठू द्यायची नाही. एका माहेराची तिला गावभर माहेरं झाली.

आजही वांगदरीत दिवाळीचं अंगण सारवतात, पण एक कोपरा कोरा सोडतात. तिथल्या काड्यांना कुणी हात लावत नाही. त्या कोपऱ्याचं नाव धुरपदाचं माहेर. आणि गावात नवी सून आली, की माप ओलांडायच्या आधी सासू तिला एकच गोष्ट विचारते, दारातली माती आणलीस ना, बाई?