खरवडलेले दगड

राजे बदलत आणि राजांबरोबर देवही बदलत, त्या फार जुन्या काळी नदीकाठी एक शहर होतं. घरं लाकडाची, बोळ अरुंद. आगीची धास्ती कायमची.

म्हणून नदीपासून धान्याच्या कोठारापर्यंत दगड रोवलेले होते. प्रत्येक घराचा एक दगड, त्यावर त्या घराची खूण. विणकराच्या दगडावर धोटा, तांबटाच्या दगडावर घागर. आग लागली की ज्याने त्याने आपल्या दगडापाशी उभं राहून पाणी हातोहात पुढे द्यायचं. ज्याचा दगड, तोच शहराचा.

दरवर्षी नगरदेवीपुढे चिमूटभर धूप घालून रांगेचा सराव होई. एका वर्षी विणकर म्हणाला, "मी नव्या देवाचा झालोय. पाणी देईन, धूप घालणार नाही." पंचांनी त्याचा धोटा छिन्नीने खरवडला. शेजारचा तांबट हळहळला, पण बोलला नाही. आपलं काय जातंय?

पुढे राजानेच नवा देव मानला. शहाण्या पंचांनी लगोलग धूपदान अडगळीत टाकलं. धोटा पुन्हा कोरला गेला, आणि सरावाआधी नवी प्रार्थना आली. तोच तांबट, आता म्हातारा झालेला, म्हणाला, "माझी देवी मी सोडणार नाही." त्याची घागर खरवडली गेली. असे कितीतरी दगड कोरे झाले. बरी जिरली, असं विणकराला वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला लाजही वाटली.

मग एका भर दुपारी कोठार पेटलं. लोक दगडांकडे धावले. दर तीन दगडांतला एक रिकामा, आणि दुसऱ्याच्या दगडापाशी उभं राहायची रीत नाही! माणसं बादल्या घेऊन पळत होती, पाणी वाटेतच सांडत होतं. तांबट दारात उभा होता. बादल्या त्यानेच घडवलेल्या होत्या.

विणकर रांग सोडून त्याच्याकडे आला. "दादा, चला."

"माझी खूण पुसलीय."

"माझी पुसली तेव्हा तुम्ही गप्प बसलात. तुमची पुसली तेव्हा मी. आता दोघंही गप्प बसलो तर पोरं उपाशी मरतील."

तांबट कोऱ्या दगडापाशी जाऊन उभा राहिला. त्याला पाहून बाकीचेही आले. अर्धं कोठार वाचलं, अर्ध्याची राख झाली.

त्या हिवाळ्यात सगळ्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, पंचांनीसुद्धा. थंडी सरताच सगळ्या खुणा पुन्हा कोरल्या गेल्या. त्या वर्षी सरावाला कुणी कुणाचा देव विचारला नाही.

हात कोणापुढे जोडतो यावरून नव्हे, हात कोणासाठी पुढे करतो यावरून माणूस गावाचा ठरतो.