सगळे त्रिकोण कुणी मोजले?

"...मग तुम्हीच सांगा सर, गणितात अकरा गुण मिळवणाऱ्या मुलीला दहावीला कशी बसवायची?"

तडवी सर ओसरीत बसून कालचं वर्तमानपत्र वाचत होते. ते त्यांनी घडी घालून बाजूला ठेवलं.

सरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. समोर बसलेली हर्षदा फेगडे त्यांचीच विद्यार्थिनी. दहावीला गणितात शंभरपैकी शंभर. आता तालुक्याच्या शाळेत तीच गणित शिकवायची.

तिच्या विषयाचा निकाल चार वर्षं शंभर टक्के लागत होता. तो कसा लागतो, हेही तिला ठाऊक होतं. नववीत कच्ची राहिलेली मुलं शाळेतून दाखला काढून न्यायची आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायची. बहुतेक बसायचीच नाहीत.

असा दाखला द्यायच्या मुलांच्या यादीत यंदा एकच नाव होतं. सुरती पावरा. खाली हर्षदाची सही व्हायची होती.

"तिला गतीच नाही, सर. गणित नाही, विज्ञान नाही. अशा मुलीला शाळेत ठेवून करायचं काय?"

"पेपर आणलास तिचा?"

हर्षदाने पिशवीतून उत्तरपत्रिका काढून दिली. सरांनी चष्मा लावला. एकेक पान उलटलं. चौथ्या पानावर थांबले.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते, हे सिद्ध करायचं होतं. सुरतीने सिद्धता लिहिलीच नव्हती. लिहिलं होतं, 'बाई, जगातले सगळे त्रिकोण कुणी मोजले?'

शेजारी लाल शाईचं शून्य.

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. आणखी एकदा वाचली...

मग वर्तमानपत्र ओढलं आणि त्याचा एक त्रिकोणी तुकडा फाडला. तुकड्याचे तिन्ही कोपरे तोडून त्यांनी फरशीवर एकाला एक लावून मांडले. खालची कड सरळ रेषेत आली.

"एक झाला," सर म्हणाले.

दुसरा फाडला, लांबोडका. तोही जुळला.

"दोन."

तिसरा. चौथा. म्हातारा माणूस पोरासारखा रंगून गेला होता.

हर्षदाला राहवेना. "सर, असे किती फाडाल? सिद्धता आहे ना! वरच्या बिंदूतून पायाला समांतर रेषा काढली की झालं. मग एकही त्रिकोण मोजावा लागत नाही."

"वा! हे ऐकून केवढी हरखली असेल ती पोर."

हर्षदा फरशीवरचे कोपरे सारखे करू लागली.

"सांगितलंस ना तिला?"

"सिद्धता फळ्यावर लिहून दिली होती, सर. सगळ्यांनी उतरवून घेतली."

"तिला प्रश्न पडायच्या आधी," सर म्हणाले.

"तुम्हीही आम्हाला फळ्यावरच लिहून दिली होती," ती हळूच म्हणाली.

"हो." सरांनी चष्मा काढला. "आणि तू ती जशीच्या तशी लिहायचीस. काना-मात्रेचा फरक नाही. मी तुझा पेपर साऱ्या शाळेला दाखवत फिरलो."

त्यांनी चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसल्या.

"पाच वर्षांत तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस, हर्षू. मला वाटलं, हिला सगळं कळतं. मागच्या बाकांकडे बघत राहिलो... तुझ्याकडे बघायचं राहूनच गेलं, पोरी. चुकलं माझं."

हर्षदाचे डोळे भरून आले. त्या शंभर गुणांबद्दल तिला हार मिळाले होते, पेढे मिळाले होते. माफी कुणी मागितली नव्हती.

वाऱ्याने कागदाचे कोपरे उडाले, ते सरांनी पुन्हा गोळा केले.

हर्षदाने पिशवीतून ती यादी काढून मांडीवर घेतली. नाव खोडलं. वाचता येईनासं होईपर्यंत त्यावर पेन फिरवत राहिली.

"मुख्याध्यापक चिडतील," ती म्हणाली. "चिडू देत. पण सर, तिला शिकवू कसं? असं काही विचारलं की मला सुचतच नाही..."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या तिला इथे घेऊन ये. आणि तू तिच्या शेजारी बस."