घरापुरता करार

एका रुंद नदीच्या अलीकडच्या काठावर चुना भाजणाऱ्यांची वस्ती होती. पलीकडच्या काठावर शहर होतं, आणि माणसाला अडीअडचणीला जे जे लागतं ते सगळं त्या शहरातच होतं. बाजार तिथं, वैद्य तिथं, चांगली सुईण तिथं आणि न्यायालयही तिथंच. मधे पूल नव्हता. एक नाव होती आणि नावेचा एक मक्तेदार होता.

नऊ प्रांतांनी एकत्र येऊन ते राज्य उभं केलं होतं. प्रत्येक प्रांताचे आपापले पंच होते, पण पंचांनी हात वर केले की माणसानं नऊ प्रांतांच्या मोठ्या न्यायालयात जायचं. त्या न्यायालयाची एक रीत होती. तिथं लागलेला निकाल दगडावर कोरत आणि जिथलं भांडण असेल तिथं नेऊन उभा करत. विहिरीचं भांडण असेल तर विहिरीपाशी, वेशीचं असेल तर वेशीत. पुढं कुणावरही तसाच अन्याय झाला, तर त्यानं दगडावर हात ठेवून ती ओळ म्हणून दाखवायची, की समोरच्याला मुकाट बाजूला व्हावं लागे. खटला कुणीही लढलेला असो, दगड सगळ्यांचा. पण खटला लढणाऱ्यानं मधेच तडजोड केली, तर दगड लागत नसे. मग फक्त कागद होई, आणि तो कागद ज्याच्या नावाचा त्याच्यापुरताच चाले.

नावेचा मक्ता देताना राज्यानं करारात स्वच्छ लिहिलं होतं : 'जो घाटावर आधी येईल, तो आधी नावेत बसेल.' मक्तेदारानं खाली सही केली होती आणि मग तो ती ओळ सोयीनं विसरून गेला होता. नावेच्या दिवसाला चार खेपा होत. पहिल्या तीन खेपांना शहाणीसुरती, स्वच्छ कपड्यांची माणसं जात. चौथ्या खेपेला गुरं, सरपणाच्या मोळ्या आणि चुनेवाले. चुनेवाला उजाडताच घाटावर येऊन बसला तरी त्याला दिवस कलेपर्यंत बसूनच राहावं लागे. का, तर म्हणे त्यांच्या अंगावरच्या चुन्याच्या फक्कीनं इतरांचे कपडे खराब होतात.

त्या वस्तीत येसू नावाची एक बाई राहायची. नवरा, सात वर्षांची लेक मंजू आणि ती, असं तिघांचं घर. भट्टीवर जन्म काढून नवऱ्याच्या छातीत चुना बसला होता. बोलता बोलता तो निळा पडायचा. वैद्य म्हणाला होता, दर आठवड्याला आणून दाखवा. पण वैद्य दुपारी दार लावून घ्यायचा आणि चौथी खेप पलीकडे पोचेपर्यंत सावल्या लांब झालेल्या असत. बंद दारापुढे नवऱ्याला बसवून येसूनं किती रात्री काढल्या, त्याचा हिशेब तिनं ठेवला नाही.

एक दिवस तिनं पंचांकडे तक्रार केली. पंचांपैकी दोघं मक्तेदाराचे मेहुणे. त्यांनी तिला पाणी विचारलं आणि वाटेला लावलं. तेव्हा वस्तीतली म्हातारी कोंडाक्का म्हणाली, "येसू, मोठ्या न्यायालयात जा. नाव तुझं लाव. साक्षीला आमी येतो. पर एक ध्यानात ठेव. आमी दगडासाठी येतोय."

"दगड लागंस्तवर मागं फिरणार न्हाई," येसूनं शब्द दिला.

पहिल्या तारखेला ती न्यायालयात पोचली तेव्हा न्यायालय उठलं होतं. नावेविरुद्धची फिर्याद ऐकवायला तिला त्याच नावेच्या चौथ्या खेपेनं यावं लागलं होतं. कारकुनानं वहीत 'फिर्यादी गैरहजर' असं लिहून ठेवलं. त्यानंतर ती आदल्या दिवशीच येऊन धर्मशाळेत पडून राहू लागली.

खटला सहा वर्षं चालला. वस्तीतली बावीस माणसं साक्षीला उभी राहिली, आणि मक्तेदारानं त्या बावीस जणांना चांगलंच लक्षात ठेवलं. त्यांच्यातलं कुणी घाटावर दिसलं, की चौथी खेपसुद्धा बऱ्याचदा भरलेली असायची. तरी एकही साक्षीदार मागं हटला नाही.

मक्तेदाराचा वकील मोठा बोलका. तो म्हणाला, "महाराज, करारात 'नावेत बसेल' एवढंच आहे. चुनेवाले नावेत बसतातच की! चुन्यानं लोकांचे कपडे पांढरे होतात, म्हणून जरा मागून बसतात इतकंच."

न्यायाधीशांनी विचारलं, "गिरणीवालाही पिठानं पांढराफटक असतो. तो कितव्या खेपेला जातो?"

वकील जरा घुटमळला. "पहिल्या, महाराज."

न्यायाधीशांनी निकालाची तारीख दिली.

त्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी येसू निघायच्या तयारीत असताना मक्तेदार तिच्या दारात येऊन उभा राहिला. या वस्तीत त्यानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बरोबर वकील होता आणि वकिलाच्या हातात कागद.

"येसूबाई," मक्तेदार म्हणाला. आजवर 'ए चुनेवाले' याखेरीज त्यानं तिला हाक मारली नव्हती. "कशाला उगाच तंटा वाढवायचा? आजपासून तू आणि तुझ्या घरात राहणारी माणसं पहिल्या खेपेला बसा. जन्मभर. आज आत्ता चल, नाव थांबवून ठेवली आहे. वैद्याकडे जा."

"आन् बाकीची वस्ती?"

"बाकीच्यांचं नाव खटल्यावर कुठं आहे?" वकील म्हणाला. "उद्या निकाल कसा लागेल, सांगता येतं का? विरुद्ध गेला तर सहा वर्षं पाण्यात. हा कागद मात्र हातात आहे. दोनच अटी. खटला मागं घ्यायचा, आणि का घेतला ते कुणालाही सांगायचं नाही. सांगितलंस, की कागद रद्द."

आत नवरा खोकत होता. खोकला थांबला की येसू कान देऊन ऐकायची, पुन्हा सुरू होतोय का म्हणून. त्या दिवशी तो बराच वेळ सुरू झाला नाही. ती आत धावली. नवरा भिंतीला टेकून, डोळे मिटून, तोंडानं श्वास ओढत होता. बाहेर येऊन तिनं कागदावर अंगठा उठवला. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला तरी भेटायचा आहे.

दुसऱ्या दिवशी न्यायालय भरलं. बावीसच्या बावीस साक्षीदार जमेल तसे आधीच नदी ओलांडून धर्मशाळेत येऊन राहिले होते. येसू उभी राहिली आणि म्हणाली, "मी खटला मागं घेते."

न्यायाधीश म्हणाले, "बाई, पुन्हा विचार कर. अजून घटकाभर वेळ आहे."

"मागं घेते," येसू खाली बघत म्हणाली.

"आगं, पर का?" मागून कोंडाक्का ओरडली.

येसूला कागदातली दुसरी अट आठवली. तिनं पदर तोंडाशी धरला आणि ती बाहेर पडली. तडजोडीचा कागद वहीत नोंदला गेला. घाटावर दगड लागला नाही.

येसूचा नवरा त्यानंतर चार वर्षं जगला. दर आठवड्याला ती त्याला पहिल्या खेपेनं नेई. चार वर्षं ही काही थोडी नव्हेत. नवऱ्यानं मंजूला न्हातीधुती झालेली पाहिलं, तिच्या हातची भाकरी खाल्ली. पण रोज उजाडताच घाटावर बसलेली वस्तीतली माणसं येसूला पुढं जाताना पाहत. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. ती पाणवठ्यावर आली की चाललेलं बोलणं थांबायचं, एवढंच. सांगायला तिच्याजवळ शब्द होते, पण सांगायची सोय नव्हती.

मंजू मोठी झाली. कोंडाक्काच्या नातवानं तिला मागणी घातली. म्हातारी नको म्हणाली नाही. "पोरीचा काय दोष?" एवढंच बोलली. मंजू तीन घरं सोडून चौथ्या घरात नांदायला गेली. लेक नजरेसमोर राहणार म्हणून येसूला बरं वाटलं. त्या तीन घरांचं अंतर किती लांबचं आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

वर्षभरानं मंजूला पहाटे कळा सुरू झाल्या. वस्तीतल्या सुईणीनं पोटावर हात फिरवला आणि मान हलवली. "पोर आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाई. शेरातल्या सुईणीकडं न्या, आन् लवकर न्या."

जावयानं आणि येसूनं मंजूला बाजेवर घालून घाटावर आणलं. पहिली खेप सुटायच्या बेतात होती. नावेत निम्मी जागा मोकळी होती.

नावाड्यानं हात आडवा धरला. "येसूबाई, तुम्ही बसा. ही चौथ्या खेपेला."

"आरं, माझी लेक हाय ती!"

"तुमच्या घरात राहते का?"

येसू मक्तेदाराकडे धावली. तो घाटाच्या ओवरीत बसला होता. तिनं कागद त्याच्यापुढे धरला, त्याचे पाय धरले. मक्तेदारानं कागद शांतपणे वाचला. "घरात राहणारी माणसं, असं लिहिलंय. लेक दिली, ती दुसऱ्याच्या घरची झाली. करार म्हणजे करार, येसूबाई. मी तो कधी मोडलाय का?"

नाव सुटायला लागली. येसूनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि एकटीच नावेत चढली. आपण जाऊन सुईणीला घेऊन यावं, एवढाच मार्ग उरला होता. शेजारच्या मोकळ्या फळीवर मंजू आडवी झाली असती. येसूनं नदी पार होईपर्यंत त्या फळीकडे पाहायचं टाळलं.

सुईण भली बाई. हातातलं काम टाकून निघाली. पण नाव आपल्या वेळेनंच परत फिरायची. दोघी अलीकडे पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. घाटाच्या कडेला गुरांच्या गोठणात बाज ठेवलेली होती आणि जावई उकिडवा बसून मंजूला वारा घालत होता. सुईणीनं पोटावर हात ठेवला आणि काढून घेतला. बाळ गेलं होतं. तिसरी खेप सुटायच्या आत मंजूही गेली.

तेराव्यानंतर येसू आणि जावई न्यायालयात गेले. न्यायाधीश तेच होते, थकले होते. त्यांनी करार दोनदा वाचला आणि निकाल दिला. "करारातले शब्द स्पष्ट आहेत. मक्तेदारानं हा कागद मोडलेला नाही. चुनेवाल्यांना मागं ठेवणं न्यायाचं आहे का, हा प्रश्न वेगळा. पण त्यावर या न्यायालयाचा निकाल नाही. तू तडजोड केली आहेस, तेव्हा तो हवा असेल, तर तुझ्या जावयाला नव्यानं फिर्याद करावी लागेल. नव्यानं साक्षी, नव्यानं तारखा."

"महाराज, त्या दिशी निकाल काय लागणार व्हता?"

"जो निकाल वाचलाच गेला नाही, तो निकाल नसतो, बाई. मला विचारू नकोस," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

कारकून तिला दारापर्यंत सोडायला आला. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "दगड कोरून तयार होता. सगळ्या चुनेवाल्यांच्या बाजूनं. तुम्ही खटला काढून घेतलात, तेव्हा फोडावा लागला."

येसू वस्तीत परत आली आणि साक्षीसाठी दारोदार फिरली. "तवा खटला का मागं घेतलास, ते आधी सांग," असं जो तो म्हणाला. मग तिनं वस्तीच्या मधोमध उभं राहून सगळं सांगितलं. मक्तेदार दारात आला ते, नवऱ्याचा श्वास, दोन अटी, अंगठा, आणि कारकून जे बोलला तेही. संध्याकाळपर्यंत मक्तेदाराच्या कानावर गेलं आणि तिचा कागद रद्द झाला. तिला त्याचं काही वाटलं नाही.

लोकांनी ऐकून घेतलं. मग कोंडाक्का म्हणाली, "नवऱ्यासाठी केलंस, त्याचा राग न्हाई. पर आमाला इचारलं असतंस, तर आमी सांगितलं असतं, येक दीस थांब. येकच दीस, येसू. तुझा नवराबी पहिल्या खेपंला गेला असता आन् माझी नातसूनबी."

येसूनं साक्षीचा कागद पुढं केला. कोंडाक्कानं अंगठा उठवला. आणखी तिघांनी उठवला. पहिल्या बावीस जणांतले काही मेले होते, बाकीचे उठून आपापल्या घरी गेले आणि त्यांनी दारं लावून घेतली. चार साक्षींवर जावयाची फिर्याद उभी राहिली. तिला पहिली तारीख मिळाली ती पुढच्या वर्षीची.

तात्पर्य : सगळ्यांसाठी मागितलेला हक्क आपल्या घरापुरता पदरात पाडून घेतला, की तो हक्क राहत नाही, सवलत होते, आणि सवलत कुठं संपते, हे देणारा ठरवतो.