शेजारच्याने सांगायचं

"झोप कुणाला लागते, बुवा? ज्याला अजून काही कळलेलं नसतं त्यालाच ना?"

निनाद दारातच उभा राहून विचारत होता. पाठीवर भरलेली सॅक होती. वय एकोणीस, आणि चेहऱ्यावर असं तेज की बघणाऱ्याला भूल पडावी.

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात दर बुधवारी दुपारी तरुण मुलांची बैठक बसे. पोथीपुराणाशी तिचा काही संबंध नव्हता. कुणाच्या आईला, कुणाच्या वडिलांना मन हेलकावण्याचा आजार होता. काही महिने नुसता उत्साह, मग काही महिने अंथरुणातून उठणं नाही. आता तो हेलकावा मुलांमध्येही डोकावू लागला होता. तालुक्याच्या कर्णिक डॉक्टरीणबाई या मुलांना इथे एकत्र बसवत. वेळीच ओळखलं तर सावरता येतं, असं त्यांचं म्हणणं. सोबतीला मठाचे गोविंदबुवा असत. त्यांनाही तरुणपणापासून हाच आजार, आणि ते तो कुणापासून लपवत नसत.

बैठकीचा रिवाज एकच होता. आपण कसे आहोत हे आपण सांगायचं नाही, शेजारी बसलेल्याने सांगायचं. नवी मुलं या रिवाजावर हटकून चिडत. जुनीही अधूनमधून चिडत.

निनाद म्हणाला, त्याला सगळं उलगडलंय. कित्येक रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी थकवा म्हणून नाही. कॉलेज सोडलं. संध्याकाळच्या गाडीने तो नर्मदा परिक्रमेला निघणार होता, एकटाच. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला हाच आजार, ती उगीच घाबरेल. बुवांनी आता फक्त मंत्र द्यावा.

"देतो," बुवा म्हणाले. "आधी बैठकीत बस."

तो बसला, पण सॅक काही उतरवली नाही. त्याच्या आणि बुवांच्या मधे वृषाली होती. गेल्या बुधवारीही तीच त्याच्या शेजारी बसली होती. निनाद एकदम छान आहे, असं तेव्हा तिने सांगितलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आज तिची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत राहिली.

"मागच्या वेळी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तू मला एक वाक्यसुद्धा पुरं करू देत नव्हतास. मला तेव्हाच कळलं होतं. पण दिवाळीपासून तुला हसताना कुणी पाहिलं नव्हतं रे. ते हसू माझ्यामुळे जायला नको, असं वाटलं."

"माझे पप्पा असेच आनंदात घरातून निघाले होते," ती पुढे म्हणाली. " परत आणेपर्यंत आईचं काय झालं ते मी बघितलंय. मला तुझी भीती वाटते."

निनाद उसळला. माझ्या आतलं हिला काय कळणार, असं त्याने सगळ्यांना विचारलं. मग तो बुवांकडे वळला.

"तुमच्या आतलं कोण सांगतं, बुवा? की रिवाज फक्त आम्हाला?"

डॉक्टरीणबाई काही बोलणार होत्या. बुवांनी हातानेच त्यांना थांबवलं आणि वृषालीकडे पाहिलं.

"सांग बेटा."

ती कावरीबावरी झाली. बुवांना कसं सांगायचं? पण बुवा वाट बघत राहिले.

"आल्या आल्या तुम्ही प्रत्येकाची चौकशी करता," ती शेवटी म्हणाली. "आज कुणाचीच केली नाहीत. दारातली तुळस सुकलीय. आत जेवणाचं ताट झाकलेलं आहे, तसंच. आणि डोळे... गेल्या पावसाळ्यात आजारी होतात ना, तसे."

बुवांनी अंगणाकडे पाहिलं. तुळस खरंच सुकली होती.

"मी समजत होतो," ते हळूच म्हणाले, "मला मौन साधलं."

कुणी हसलं नाही. बुवांनी डॉक्टरीणबाईंना हात जोडले आणि बैठक झाल्यावर आपल्याला तपासून जा, अशी विनंती केली. मग आतलं ताट मागवून घेतलं. सगळ्यांसमोर भाकरीचा तुकडा मोडला आणि कसाबसा गिळला. त्यांच्या तोंडाला चव नव्हती, हे मुलांना सांगायला नको होतं. ती चव गेलेली त्यांतल्या बहुतेकांनी घरी पाहिली होती.

निनाद बुवांच्या भाकरी मोडणाऱ्या हाताकडे बघत होता. इतका वेळ हलणारा त्याचा गुडघा थांबला. बुवांवर त्याचा फार जीव होता.

"मग मला जे झालं..." त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ते ज्ञान नव्हतंच?"

बुवा उठले. भिंतीशी आपली घोंगडी अंथरली. निनादच्या खांद्यावरून सॅक उतरवली, एक पट्टा, मग दुसरा. त्याने उतरवू दिली.

तुझ्या आईला फोन करू का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्याने मान हलवली. करा. मग तो घोंगडीवर आडवा झाला. वृषाली त्याच्या उशाशी येऊन बसली.

"बुवा... मंत्र देणार होतात."

बुवांनी त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला.

"झोप, बाळा. ज्ञान खरं असेल तर तू उठेपर्यंत थांबेल."