गाऱ्हाणे-दरवाज्यातले गूळपाणी

एका राज्यात, भर दुपारी, राजवाड्याच्या गाऱ्हाणे-दरवाज्यापाशी एक माणूस झोपला तो उठलाच नाही. नाव रखमाजी, धंदा नावाड्याचा. पैलतीरावरून निघताना तो माडी पिऊन आला होता. दारात त्याला गूळपाण्याचा पेला मिळाला. मग दुसरा मिळाला. तो पायरीला टेकला, घोरू लागला. घोरण्यामधले अंतर लांबत गेले, ओठ निळसर झाले, आणि एक श्वास बाहेर गेला तो परत फिरला नाही.

प्रधान धुरंधरपंत बाहेर आले. म्हणाले, "ऊन लागले."

रखमाजी कडुनिंबाच्या गार सावलीत पडला होता. भोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना ती सावली दिसत होती. तरी सगळे मंद हसत होते.

हसत नव्हती ती एकटी रेवा. रेवा त्या नगरीची दवंडीवाली. तिच्या हलगीवर टिपरू पडले की वेशीबाहेरचे गुराखी कान टवकारत. ती आली होती आपल्या आईला घरी न्यायला.

तिची आई गोदाक्का. ती भांडायला उभी राहिली की शेजारची मांजरे आळी बदलत. प्रधानाने लोकांचा पाणवठा तोडून पाणी आपल्या बागेत वळवले, तेव्हा गोदाक्का पदर खोचून रोज दरवाज्यात येऊ लागली. आणि त्या राज्याची रीत अशी होती की उन्हातून आलेल्याला आधी गूळपाणी, मग बोलणे. गाऱ्हाणे आणणारा हाही पाहुणाच. त्याने राजाघरचा पेला नाकारावा हे वैऱ्यालाही शोभत नसे. गोदाक्का रोज पेला घेई. पहिल्या दिवशी ती निम्मे गाऱ्हाणे विसरली. पुढे सगळेच विसरली. आता ती तोल सांभाळत चालत होती, जीभ जड झाली होती, आणि झोपली की तिचाही श्वास मध्येच थबकत होता.

रेवा आईला पाठीवर घेऊन नदीकाठाने निघाली. वाळूत एक टिटवी उभी होती.

"रेवा, पाठीवरची बाई आपण होऊन झोपलेली नाही," टिटवी म्हणाली. "तिला झोपवले आहे."

"कोणी?"

"गूळपाण्याच्या रांजणाच्या तळाशी नीलमणी आहे. राजमांत्रिक सोमकेतूने सोडलेला. तो पाण्यात शामक सोडतो."

"शामक म्हणजे विष का?"

"विष असते तर तुम्ही लगेच ओळखले असते. ते औषधच आहे. माणसाच्या डोक्यात जासूद धावत असतात. दुखले, भीती वाटली, संताप आला, अशा वार्ता घेऊन. तिथेच एक द्वारपाल बसलेला असतो. तो त्यांना म्हणतो, हळू. शामक त्या द्वारपालाचा आवाज वाढवते. एका थेंबाने जासूद चालू लागतात, जीव निवांत होतो. आणखी थेंबांनी जासूद बसतात. मग जीभ अडखळते, पाय चुकतात, कालचे आठवत नाही. त्याहून जास्त झाले की श्वासाची वार्ता नेणारा जासूदही बसतो."

"रखमाजीचा बसला."

"माडी त्याच द्वारपालाची बहीण. दोघांनी एकदम 'हळू' म्हटले तर कोणता जासूद चालेल?"

रेवाने आईला वाळूवर निजवले आणि तिच्या नाकाशी बोट धरले. श्वास आला. बऱ्याच वेळाने दुसरा आला.

"उपाय सांग," ती म्हणाली.

"तीन कामे आहेत. गूळपाणी न पिता राजापुढे उभी राहा. मणी उघड्या हाताने बाहेर काढ आणि जागी राहा. तिसरे काम तुझ्या स्वभावाला जड आहे. मणी फोडू नकोस."

"पहिला तोच फोडीन."

"म्हणून तर सांगते आहे," टिटवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर आले तेव्हा रेवा हलगी गळ्यात अडकवून दरवाज्यात उभी राहिली. द्वारपाल बळवंता पेला घेऊन पुढे आला. तो स्वतःही डुलत होता.

"गूळपाणी घ्या, मग बोला."

"माझे निर्जळी व्रत आहे."

मागून धुरंधरपंत आले. "कोणत्या देवीचे, बाई?"

"जी अजून जागी आहे तिचे, पंत."

व्रतस्थाच्या घशात पाणी ओतणे हे त्या राज्यात पेला नाकारण्याहून मोठे पाप होते. पंतांनी ओठ चावला. बळवंता बाजूला सरला. पहिले काम झाले.

राजा चित्रसेन सिंहासनावर कलून बसला होता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, हातात पेला. पाण्याचे ओघळ त्याच्या मोत्यांच्या कंठ्यावर सुकले होते.

"प्रजा... शांत आहे," राजा म्हणाला. "कितीतरी दिवसांत... गाऱ्हाणे नाही."

"महाराज, काल तुमच्या दारात माणूस मेला. त्याचे नाव काय?"

राजाने पंतांकडे पाहिले. पंतांनी छताकडे पाहिले.

सोमकेतू खांबाआडून पुढे आला. पांढरे वस्त्र, गोड आवाज. "माझा मणी कोणाला मारत नाही. जखम शिवताना वैद्य हेच शामक देतात. भयाने वेड्या झालेल्याला हेच देतात. मी फक्त शांती वाटली."

रेवाचा आवाज चढला नाही. दवंडीवालीला माहीत असते, केव्हा ओरडायचे नाही ते.

"वैद्य आधी विचारतो, काय खाल्लेस, काय प्यायलास. मोजून देतो. देऊन पळत नाही, नाडी धरून बसतो. तू कोणाची नाडी धरलीस? माझ्या आईला पाणी हवे होते, मांत्रिका. तिला झोप हवी आहे असे तुला कोणी सांगितले?"

सोमकेतू हसला.

रेवा दाराजवळच्या रांजणाकडे गेली आणि कोपरापर्यंत हात घातला. मणी बोटांना लागताच बोटे बधिर झाली. बधिरपणा खांद्यापर्यंत चढला. पापण्यांवर जणू कोणी ओली वाळू रचली. संताप विरघळू लागला, आणि तो विरघळताना इतके बरे वाटत होते की आई रोज कशात बुडत होती ते कळून तिला तिची कीव आली. तिने मोकळ्या हाताने टिपरू उचलले आणि हलगीवर मारले. पुन्हा मारले. प्रत्येक ठोक्याला रखमाजीचे नाव घेतले. मणी वर आला.

दरबारात कुजबुज झाली. सोमकेतू मऊपणे म्हणाला, "आता फोड. तुला तेच हवे होते ना?"

रेवाला तेच हवे होते. तिने मणी फरशीवर आपटला. कडेची एक कपची उडाली. त्याच क्षणी बळवंता दारात कोसळला. दात बसले, हातपाय झटके देऊ लागले, डोळे वर गेले. त्याच्या डोक्यात बसवून ठेवलेले सारे जासूद एकदम उठून धावले होते, आणि त्यांना थोपवणाऱ्या डोक्यातल्या द्वारपालाचा आवाज आता कोणाला ऐकू येत नव्हता.

खिडकीत टिटवी किंचाळली.

रेवाने बळवंताला कुशीवर वळवले, डोक्याखाली आपला पदर दिला, आणि झटके ओसरेपर्यंत तिथेच बसली. मग सोमकेतूकडे पाहिले. "तू जाणत होतास."

"तूही आता जाणतेस," तो म्हणाला.

मग तिसरे काम सुरू झाले, ज्याची गाणी कोणी गात नाही. मणी पुन्हा कोणी आपटला नाही. राजवैद्याच्या देखरेखीखाली तो रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा कमी वेळ पाण्यात बुडू लागला. पेला प्रत्येकाला सांगून, विचारून मिळू लागला, आणि माडी प्यायलेल्याला मिळेना. लोकांना घाम फुटे, हात कापत, रात्री डोळा लागत नसे. कोणी रेवाला शिव्या देई, कोणी पाया पडून थेंब जास्त मागे. ती दोन्ही ऐकून घेई. मणी झिजत झिजत मुगाएवढा उरला आणि वैद्याच्या बटव्यात गेला. तिथेच त्याची जागा होती.

एका सकाळी गोदाक्का अंथरुणात उठून बसली. चुलीवर भाकरी करपली होती.

"मेले, नाक आहे की नाही तुला?" ती म्हणाली. "आणि पाणवठ्याचे काय झाले?"

रेवा करपलेली भाकरी हातात घेऊन पोटभर रडली.

मण्याची पकड सुटली. गोदाक्काने दरवाज्यात उभे राहून गाऱ्हाणे पुरे सांगितले, पाणवठ्याचे पाणी लोकांकडे वळले. राजा ताठ बसू लागला. दरबार पुन्हा गोंगाटाने भरला, आणि राज्य रीतीवर आले.

मग रेवाने विचारले, रखमाजीच्या मरणाचा जाब कोणी द्यायचा? सोमकेतू म्हणाला, मी मणी फक्त दिला, मागवला दुसऱ्याने. पंत म्हणाले, मी रांजण फक्त भरला, आज्ञा होती. राजा म्हणाला, मला काही आठवत नाही, आणि ते खरे होते.

आजही ऊन माथ्यावर आले की कडुनिंबाखाली रेवा हलगी वाजवते आणि रखमाजीचे नाव घेते. रखमाजी नावाडी कोणते गाऱ्हाणे घेऊन नदी ओलांडून आला होता, हे कोणी ऐकलेच नाही. त्याच्या तोंडाला माडीचा वास येत होता. तरीही दुसरा पेला कोणीतरी त्याच्या हातात दिला.