आतला गंज

द्राक्षांच्या मुलखात, एका गावात सोपान नावाचा एक भोळा माणूस होता. "जरा थांब" म्हटलं की तो थांबायचा, आणि "चल आता" म्हणेपर्यंत हलायचा नाही. बायको वैजंता हुशार होती, तरी तिचा त्याच्यावर जीव होता.

तिच्या वडिलांना, काशिनाथआबांना, मात्र हा जावई पटत नव्हता. एकदा ते जुन्या मोटारसायकलवरून आले आणि म्हणाले, "चार दिवस राहतो. जावईबापू धड वागले तर ठीक. नाहीतर लेक घेऊन जातो."

त्याच दिवशी देवळापुढच्या मांडवात एका डॉक्टरीणबाईंचं भाषण झालं. "लोखंडाप्रमाणे शरीरालाही आतून गंज चढतो. काळ्या द्राक्षांच्या सालीत आणि बियांत अँटिऑक्सिडंट असतात. ती हा गंज रोखू शकतात. शकतात, म्हणते मी, अजून संशोधन चालू आहे. आणि गुण आलाच तर सावकाश येतो, रोज मूठभर खाऊन." 'शकतात' हा शब्द कुणाच्याच कानात शिरला नाही. संध्याकाळपर्यंत द्राक्षांनी टक्कलही जातं, इथवर गावाची मजल गेली.

आबांना दिलेली लोखंडी खाट गंजली होती. सोपानने द्राक्षं चिरडून ती छान रंगवली. आबा आडवे झाले आणि मुंग्या चावल्यावर ताडकन उठले.

"अहो, काय करून राहिले? गंजाला तेल लावतात," वैजंता म्हणाली.

"बरं. गंजाला तेल."

"माझ्या गुडघ्यांनाच गंज चढलाय," आबा कण्हत म्हणाले. सोपानने लगेच पंपाचं काळं तेल आणून त्यांच्या गुडघ्यांवर ओतलं. पांढरं धोतर वाया गेलं.

"आतला गंज वरून लावून जातो का?" वैजंता रडकुंडीला आली. "पोटात द्यावं लागतं. सगळा गुण सालीत असतो."

"बरं. आतल्या गंजाला पोटात. गुण सालीत."

दुसऱ्या दिवशी आबांनी केळी मागितली. सोपानने ताटात साली वाढल्या.

"आणि केळी कुठायत?"

"शेळीला दिली. म्हटलं, गुण तुम्हाला, चव तिला."

"अहो, फळ अख्खं द्यायचं!" वैजंता म्हणाली.

"बरं. अख्खं."

आबांचा पारा चढला. "पोरी, पिशवी भर. अन् लवकर निघू. गाडीच्या टाकीला आतून गंज लागलाय, वाटेत बंद पडते."

सोपानला फार वाईट वाटलं. बायको चालली, आणि तीही वाटेत अडकणार. ती आत डोळे पुसत पिशवी भरत होती, तोवर तो अंगणात गाडीपाशी बसून होता.

आबांनी किक मारली. गाडी हूं की चूं करेना. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. आत काठोकाठ काळी द्राक्षं.

"हे काय केलंत?"

"मामा, आतला गंज ना? मग पोटात दिली. अख्खी, सालीबियांसकट."

आबा पायरीवर बसले. वैजंताने तोंडाला पदर लावला आणि पिशवी घेऊन परत घरात गेली.

"आता ही सुरू कधी व्हायची?" आबांनी विचारलं.

"एवढ्यात कशी, मामा?" सोपान समजुतीने म्हणाला. "गुण सावकाश येतो. रोज मूठभर द्यावी लागतील." आणि त्या दिवसाची मूठ आणायला तो मळ्याकडे निघाला.