कवडीआधीचा आकडा

अबुआसो गावात बकऱ्या साठ की सहाशे, हे ठरेना आणि त्यापायी अख्खे गाव बुडायची वेळ आली.

कराच्या वहीत साठ होत्या, दुष्काळी मदतीच्या वहीत सहाशे. दोन्ही वह्या अडोन्सू देशाच्या गणती कचेरीत एकाच फळीवर वर्षानुवर्षे शेजारी नांदत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. मग समुद्रापलीकडून एक साहेब आला. आफ्रिकेतल्या देशांना आपली मिळकत नीट मोजता यावी, तिथल्या कारकुनांची क्षमता वाढावी, म्हणून त्याला पाठवले होते. त्याने जेवणासह पाच कार्यशाळा घेतल्या. कारकुनांच्या पोटाची क्षमता खरोखरच वाढली. शेवटच्या दिवशी साहेबाने सहज म्हणून दोन्ही वह्या शेजारी उघडल्या आणि त्याला ठसका लागला.

बातमी राजाकडे गेली. तिकडे राजाला नाना म्हणतात. आपल्याकडच्या नानांनी उगाच हुरळून जाऊ नये. हे नाना डॉम्फे महाहट्टी, आणि सगळ्या गणितातली त्यांना फक्त वजाबाकी येत असे. सहाशेतून साठ गेल्या, राहिल्या पाचशे चाळीस!

"एवढ्या बकऱ्या माझ्यापासून लपवल्यात," ते गावकऱ्यांवर गरजले. "आठ दिवसांत खरा आकडा आणा, नाहीतर पाचशे चाळीस बकऱ्या दंड भरा. आणि माझा एकही कारकून गावात मोजायला येणार नाही. कारकून दिसला की तुमच्या बकऱ्या रानात पळतात."

चाळीस घरांचे गाव. खरा आकडा कोणी कोणाला सांगेना, आणि एवढ्या बकऱ्या आणणार कुठून? गावचे जाणते एकमेकांच्या पाठीमागे लपू लागले, तेव्हा पुढे झाली अफ्रिये. ती याच गावची, राजवाड्याच्या दारात तळलेले मासे विकायची. धंदा मासळीचा, पण वाचन दांडगे, कारण मासे बांधायला ती गणती कचेरीची रद्दी वापरी. देशाची अर्थव्यवस्था तिच्याइतकी बारकाईने कोणी वाचली नसेल, थोडी तेलकट का असेना.

"नाना, गाव खोटे बोलले हे खरे," ती म्हणाली. "पण ही विद्या आम्ही शिकलो कुठे? कर्ज मागायच्या अर्जात आपला देश संपन्न आहे. मदत मागायच्या अर्जात तोच देश उपाशी आहे. दोन्हींवर तारीख एकच. कालच दोन्हींत मी मासे बांधले."

साहेब छताकडे पाहू लागला, कारण दोन्ही अर्ज त्याच्याच लोकांनी मंजूर केले होते. नानांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. आता मासेही गेले आणि मानही गेली, असे अफ्रियेला वाटले. पण परक्या माणसासमोर नानांना हे प्रकरण वाढवायचे नव्हते.

"शहाणी आहेस ना? मग तूच आण खरा आकडा," ते दात आवळून म्हणाले. "नाही आणलास तर दंडाची वसुली तुझ्या दारापासून सुरू."

अफ्रियेने एकच गोष्ट मागितली. एक दवंडी पिटायची, आणि दवंडीतला शब्द नानांनी पाळायचा. नानांनी मान हलवली.

दवंडी अशी होती. आठव्या दिवशी अबुआसोच्या प्रत्येक घराने राजवाड्याच्या पटांगणावर येऊन आपल्या बकऱ्या किती ते सांगायचे. सगळे लिहून झाले की नाना सर्वांदेखत एक कवडी फेकतील. उताणी पडली तर राजवाडा प्रत्येक घराला दर बकरीमागे एक टोपली मका देईल. पालथी पडली तर दर बकरीमागे एक टोपली घराने राजवाड्याला द्यायची.

झाले! इकडे आड, तिकडे विहीर. कमी सांगावे तर मका बुडतो, जास्त सांगावे तर पदरचा जातो. आठ दिवस गावात कोणाला अन्न गोड लागले नाही. पटांगणावर पहिला आला ओपोंग म्हातारा. त्याने दोन्ही वह्यांना जन्मभर टोप्या घातल्या होत्या. तो आधी म्हणाला तीन. मग उताणी कवडी आठवली, म्हणाला अकरा. मग पालथी आठवली आणि त्याला दरदरून घाम फुटला.

"सहा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "देवाशपथ सहाच. एक गाभण आहे, पण ती एकच धरा."

अफ्रियेनेही रांगेत उभे राहून आपला आकडा लिहवून घेतला. बेरीज झाली दोनशे बारा.

नाना काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. गाव पटांगणावर असतानाच त्यांनी रिकाम्या गावात शिपाई धाडले होते. ते परतले आणि म्हणाले, दोनशे तेरा.

"बघा, एक चोरलीच!" नाना उसळले.

"नाना, ती आज सकाळी जन्मली," शिपाई म्हणाला. "अजून उभीसुद्धा राहत नाही."

मग कवडी फेकली. उताणी पडली. दोनशे बारा टोपल्या द्यायच्या म्हणून नानांचा चेहरा पडला. पण कोठीवाला त्यांच्या कानाशी लागला. मदतीच्या वहीप्रमाणे या गावाला आजवर दरसाल सहाशे टोपल्या जात होत्या. नानांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि चेहरा खुलला. दंड त्यांनी तिथेच माफ केला.

पण खोडी गेली नव्हती. त्यांनी अफ्रियेला पुढे बोलावले.

"तुला बक्षीस. तुझ्याकडे असतील तेवढ्याच बकऱ्या आणखी देतो. बोल, किती आहेत तुझ्याकडे?"

आता कवडी नव्हती, नुसते देणेच होते. गर्दीतून ओपोंग तिला दोन्ही हातांची दहा बोटे दाखवत होता, पुन्हा पुन्हा. अफ्रियेच्या तोंडाला पाणी सुटले. चाळीस अगदी जिभेच्या टोकावर आले होते. तिने ते गिळले.

"नाना, आता माझे काही ऐकू नका," ती म्हणाली. "आता आपण द्यायला विचारता आहात. मघाशी कवडी पडायच्या आधी मी काय सांगितले, ते वहीत बघा."

वहीत दोन होत्या.

नाना इतके हसले की त्यांच्यावर छत्री धरणाऱ्याचाही तोल गेला. त्यांनी अफ्रियेला दोन बकऱ्या दिल्या, गणती कचेरीची किल्ली दिली आणि बाकीच्या देशाची गणतीही तिच्याच हवाली केली.